अँटमध्ये प्रॉपर्टी एकदा बसली की बसली

जुन्या जावा प्रकल्पांमध्ये अपाची अँट अजून जोरात चालू आहे. त्यात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी मनात पक्की करावी: अँटची प्रॉपर्टी म्हणजे व्हेरिएबल नाही. तिला पहिल्यांदा जी व्हॅल्यू मिळते, ती बिल्ड संपेपर्यंत तशीच राहते. हे ठाऊक नसलेल्या एका माणसाच्या हट्टापायी आमच्या टीमला नाहक बोलणी खावी लागली, म्हणून लिहितो आहे.

मुख्य बिल्ड फाईल आमची होती. पण तिच्यात सगळ्यात वर एक ‘कॉमन’ फाईल इंपोर्ट करायचीच, अशी ग्राहकाच्या आर्किटेक्टची सक्ती होती. डेटाबेसचा पत्ता बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनीच मेलवर कळवलं, ‘‘इंपोर्टच्या खाली तुमची व्हॅल्यू लिहा, तुमचीच चालेल.’’ आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीने ती अचूक लिहिली. ‘बिल्ड सक्सेसफुल’ आलं, आणि टेस्ट डेटाबेसचा पत्ता पोटात घेऊन पॅकेज थेट प्रॉडक्शनवर गेलं.

मीटिंगमध्ये ते तिच्याकडे बघून म्हणाले, ‘‘फाईल तुमची, जबाबदारी तुमची.’’ स्वतःच्या मेलचा त्यांनी उल्लेखही केला नाही. ती बिचारी पुन्हा पुन्हा स्वतःचीच ओळ तपासत बसली होती. त्या ओळीत काहीही चुकलेलं नव्हतं.

रात्री मी तोच बिल्ड व्हर्बोज पर्याय लावून चालवला. लॉगच्या ढिगाऱ्यात एक ओळ सापडली: ‘ओव्हरराइड इग्नोर्ड फॉर प्रॉपर्टी’, आणि पुढे आमच्याच प्रॉपर्टीचं नाव. मी ती ओळ कितीतरी वेळ वाचत राहिलो. कॉमन फाईलने व्हॅल्यू आधीच बसवली होती. आमची नंतर आली, म्हणून अँटने ती गुपचूप टाकून दिली. साध्या लॉगमध्ये याचा मागमूसही दिसत नाही, याचा मला आजही राग येतो.

आर्किटेक्टची गल्लत कशी झाली, तेही कळलं. टार्गेटचा नियम नेमका उलटा आहे. एकाच नावाचं टार्गेट दोन्हीकडे असेल, तर इंपोर्ट करणाऱ्या मुख्य फाईलमधलं चालतं. तोच नियम त्यांनी प्रॉपर्टीला लावला. लॉग पाठवल्यावर उत्तर आलं, ‘‘टूलमधला बग दिसतोय.’’ बग कसला? मॅन्युअलमध्ये प्रॉपर्टीच्या पानावर हे स्वच्छ लिहिलेलं आहे. कमांड लाइनवर ‘डी’ लावून दिलेली व्हॅल्यू सगळ्यांत आधी बसते, म्हणून तर ती फाईलमधल्या व्हॅल्यूवर मात करते.

तेव्हा, बदलण्याजोग्या व्हॅल्यू इंपोर्टच्या वर ठेवा. आधी त्या-त्या मशीनची प्रॉपर्टी फाईल वाचा, सर्वसाधारण डीफॉल्ट सगळ्यात शेवटी. अँटकॉलने बोलावलेल्या टार्गेटमध्ये बसवलेली प्रॉपर्टी परत येत नाही. तिथे नवा प्रोजेक्ट उभा राहतो आणि काम झालं की संपतो. ‘प्रॉपर्टीफाईल’ टास्क डिस्कवरची फाईल बदलतो, चालू बिल्डमधली व्हॅल्यू नाही. एखाद्या टार्गेटपुरती वेगळी व्हॅल्यू हवी असेल, तर १.८ पासून ‘लोकल’ आहे. अँट-कॉन्ट्रिबमधला ‘व्हार’ खरोखर व्हॅल्यू बदलतो, पण सहा महिन्यांनी कुठली व्हॅल्यू कुठून आली हे शोधणाऱ्याचे हाल होतात. मी तो वापरत नाही. प्रॉपर्टी बसलीच नसेल, तर डॉलर आणि महिरपी कंसासकट नावच जसंच्या तसं वापरलं जातं आणि त्या नावाचा फोल्डरही तयार होतो. प्रॉपर्टी फाईलमध्ये व्हॅल्यूच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा व्हॅल्यूचाच भाग बनते, तीही बघा.

सूचना लेखी घ्या, मेल जपून ठेवा. वरिष्ठांनी सांगितलं तरी आधी चालवून बघा.

आणि पॅकेज बनवण्याआधी ‘फेल’ टास्क लावा. प्रॉडक्शनच्या बिल्डमध्ये पत्त्यात ‘टेस्ट’ हा शब्द सापडला, तर बिल्ड तिथल्या तिथे थांबलाच पाहिजे. आम्ही तो लावला आहे. कॉमन फाईलच्या मालकांना तो नको आहे, तसं त्यांनी कळवलंही आहे. मी तो काढणार नाही.