कळसूबाईहून उंचावरची हवा

ओझरहून दिल्ली-हैदराबादला निघालेले पेशंट बहुतेक वेळा एकच विचारतात : बंद विमानात कुणी खोकलं तर लागण होईल का? मला त्याहून जास्त काळजी वाटते ती विरळ हवेची.

विमान 35 हजार फुटांवर असतं तेव्हा आतला दाब जमिनीइतका नसतो, 6 ते 8 हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. आपलं कळसूबाई सुमारे 5,400 फूट. एवढ्या विरळ हवेत धडधाकट माणसाचाही ऑक्सिजन 90-93 टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. त्याला ते जाणवतही नाही. पण ज्यांचा घरीच 92 असतो, हिमोग्लोबिन 8 च्या खाली आहे किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटावं. सपाटीवर 50 मीटर चालून धाप लागत असेल तरीही. घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेता येत नाही. सोय हवी असेल तर कंपनीला आधी कळवून डॉक्टरांचा फॉर्म भरावा लागतो.

दाब बिघडला की काय होतं, ते 20 सप्टेंबर 2018 ला दिसलं. जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात आत हवा सोडणारं बटण चालू करायचं राहिलं. 166 प्रवाशांपैकी सुमारे 30 जणांना त्रास झाला, काहींच्या नाका-कानातून रक्त आलं. असं क्वचितच घडतं. मात्र सर्दीने कान चोंदलेले असतील तर नेहमीच्या उतरणीतही पडदा ताणून ठणका लागतो. विमान उतरताना झोपू नका, आवंढे गिळत राहा, तान्ह्या बाळाला अंगावर पाजा. सर्दी जोरात असेल तर प्रवास पुढे ढकललेला बरा.

आता खोकल्याचं. बहुतेक मोठ्या विमानांत निम्मी हवा बाहेरून येते, उरलेली हेपा फिल्टरमधून गाळून फिरवतात, आणि तासाला 20-30 वेळा हवा बदलते. एवढी हवा तर आपल्या बैठकीच्या खोलीतही बदलत नाही. तरी मार्च 2003 मध्ये हाँगकाँग-बीजिंग विमानात सार्सच्या एका रुग्णामुळे 22 जण आजारी पडले असावेत, असं तपासात दिसलं. त्यांत दूरच्या रांगांतलेही होते. म्हणून शेजारी खोकत असेल तर मास्क लावा आणि डोक्यावरची हवेची तोटी उघडी ठेवा. विमान जमिनीवर थांबलेलं असताना हवा कमी खेळते, तेव्हा मास्क काढू नका.

थुंकीत जंतू सापडलेल्या क्षयरुग्णांनी मात्र, उपचार लागू पडून डॉक्टर हो म्हणेपर्यंत, विमानात पाऊल ठेवू नये. लग्न घरचं असलं तरी.