आधी सर्जन, मग तिकीट

माझ्या धाकट्या बहिणीने इस्तंबूलला जाऊन पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती निस्तरता निस्तरता आमच्या घराचं जवळपास वर्ष गेलं. मी सोबत होते. हे सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे; नाव घालू नकोस, बाकी काही लपवू नकोस, असं तिनेच सांगितलं. आम्ही दोघी इंग्लंडमध्ये राहतो. इथे हळदीकुंकवाला जमलेल्या बायका हल्ली एकमेकींना तुर्कस्तानातल्या क्लिनिकचे नंबर देतात. त्यांच्यापर्यंत हे पोहोचावं, एवढाच हेतू.

तिची गरज खोटी नव्हती. दोन बाळंतपणं, दुसरं सिझेरियन. पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकलेले, खालची कातडी लोंबलेली. फिजिओथेरपी करून झाली, तरी कंबरदुखी हटेना. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, अशी शस्त्रक्रिया सहसा करत नाही आणि खासगीत आकडा सहा हजार पौंडांच्या पुढे. इस्तंबूलमध्ये निम्म्याहून कमी पैशांत ऑपरेशन, हॉटेल, विमानतळावरून गाडी असं सगळं मिळत होतं. अशा बाईला ‘नटण्याची हौस’ म्हणून हिणवणाऱ्यांचा मला राग येतो.

सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर झाला. कोऑर्डिनेटर मुलगी अतिशय गोड बोलायची. समोरून आणि बाजूने काढलेले फोटो पाठवले की तासाभरात दर हजर. याच आठवड्यात आगाऊ रक्कम भरलीत तर कमरेचं लायपोसक्शन मोफत. जाहिरातीत एका नामांकित सर्जनचा फोटो होता. प्रत्यक्षात ऑपरेशनच्या दिवशी पहाटे टॅबलेटवर सह्या घेतल्या, त्यातला बराचसा मजकूर तुर्की. मग एक वेगळेच डॉक्टर आले, त्यांनी पोटावर मार्करने रेघा ओढल्या आणि पाच-दहा मिनिटांत निघून गेले. ज्यांचं नाव बघून आम्ही आलो ते ‘टीमचे प्रमुख’ आहेत, असं सांगण्यात आलं. त्या क्षणापर्यंत एकाही डॉक्टरने तिच्या पोटाला हात लावून तपासलेलं नव्हतं.

आठवड्याच्या आत विमानात बसवून परत. ती कमरेतून वाकूनच चालत होती, ते अपेक्षित असतं. पण बेंबीच्या खाली, टाक्यांच्या जरा वर, तळहाताएवढी कातडी जांभळी पडली होती. घरी आल्यावर ती काळी झाली, मग कुबट वास येऊ लागला. कोऑर्डिनेटरला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘नॉर्मल आहे, क्रीम लावा.’ दुसऱ्या फोटोनंतर उत्तरं उशिरा येऊ लागली आणि पुढे बंदच झाली.

हे का झालं, ते नंतर कळलं. या शस्त्रक्रियेत पोटाची कातडी खालच्या स्नायूंपासून सोडवून वर उचलतात. तेव्हा तिला रक्त पुरवणाऱ्या मधल्या रक्तवाहिन्या तुटतात आणि ती कडेने येणाऱ्या रक्तावर जगते. बेंबीखालचा मधला पट्टा त्या रक्तापासून सर्वांत लांब. त्यातच लायपोसक्शन जास्त झालं, कातडी फार ताणून शिवली किंवा बाई सिगारेट ओढणारी असली, तर तो पट्टा मरतो. म्हणजे जिला आम्ही मोफत मिळालेली भर समजत होतो, ती धोक्यात घातलेली भर होती. हाताने तपासणाऱ्या सर्जनने किती चरबी काढायची आणि कुठे थांबायचं, हे तिचं पोट बघून ठरवलं असतं.

इथल्या इमर्जन्सीत नेलं. मेलेली कातडी काढावी लागली, मग जखमेतलं पाणी ओढून घेणारं व्हॅक ड्रेसिंग, मग नर्सकडच्या खेपा. एनएचएसने तिचा जीव सांभाळला. पोटाचं रूप दुरुस्त करणं मात्र त्यांचं काम नाही, आणि ते त्यांनी स्वच्छ सांगितलं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात: ऑपरेशन नक्की कोणी केलं, स्नायू शिवले का, चरबी किती काढली, कोणती अँटिबायोटिक दिली? आमच्याकडे एक तुर्की कागद होता, डिस्चार्जचा. तिथल्या डॉक्टरांच्या शिक्क्यावर नाव, विशेषज्ञता आणि नोंदणी क्रमांक असतो. तो पुसट शिक्का वाचून घेतला तेव्हा कळलं, की ऑपरेशन करणारे प्लास्टिक सर्जन नव्हतेच, जनरल सर्जन होते.

तुर्कस्तानाला मी नावं ठेवत नाही. तिथे उत्तम प्लास्टिक सर्जन आहेत आणि सरकारने नियमही केले आहेत. परदेशी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाला आरोग्य मंत्रालयाचं आरोग्य पर्यटनाचं अधिकारपत्र लागतं, मधल्या एजन्सीलाही वेगळं लागतं. दोन्ही मागून घ्या. पण अधिकारपत्र असो की रुग्णालयांना मिळणारी जेसीआयची आंतरराष्ट्रीय मान्यता, ती इमारतीला आणि व्यवस्थेला असते. तुमच्या अंगावर सुरी चालवणारा माणूस कोण, हे त्यातून कळत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी सर्जनचं पूर्ण नाव लेखी मागा. ते नाव त्या देशाच्या नोंदींत ‘प्लास्टिक, रिकन्स्ट्रक्टिव्ह आणि एस्थेटिक सर्जरी’ या विशेषज्ञतेखाली आहे का, ते बघा. आयएसएपीएस या आंतरराष्ट्रीय संघटनेची सदस्ययादी कोणालाही पाहता येते. प्लास्टिक सर्जरीच्या युरोपियन बोर्डाची परीक्षा दिलेली असेल तर उत्तमच. नुसतं ‘एस्थेटिक डॉक्टर’ किंवा ‘कॉस्मेटिक सर्जन’ यावर समाधान मानू नका.

हेच भारतालाही लागू, कारण आपल्यातले कितीतरी जण सुट्टीला जोडून पुण्या-मुंबईत हे करून घेतात. तिथे एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी बघा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासा. केस रोपणाचं दुकान तर गल्लोगल्ली निघालं आहे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं नॅशनल मेडिकल कमिशनला 2022 मध्ये स्पष्ट लिहावं लागलं.

नाव पक्कं झालं की त्याच सर्जनशी व्हिडिओवर बोला. कोऑर्डिनेटर मध्ये नको, फार तर दुभाषा. तुमची जुनी ऑपरेशनं, गर्भनिरोधक गोळ्या, घरात कोणाला पायात रक्ताची गुठळी झाली होती का, हे त्यांनी विचारलं पाहिजे. ‘तुमच्या रुग्णांना कोणते त्रास झाले आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?’ हे तुम्ही विचारा. कधीच काही झालं नाही म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. प्रत्येक सर्जनच्या हातून काही ना काही बिघडतंच. चांगला सर्जन ते सांगतो. दुरुस्तीची वेळ आली तर खर्च कोणाचा, हेही लेखी घ्या. प्रवास विम्यात अशी ठरवून केलेली शस्त्रक्रिया सहसा धरलेली नसते.

घाई लावणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने 2016 मध्ये आपल्या डॉक्टरांना बजावलं, की घाईत निर्णय घ्यायला लावणाऱ्या सवलती देऊ नका आणि संमती ऑपरेशन करणाऱ्यानेच घ्यायची. सर्जनांच्या रॉयल कॉलेजने विचारासाठी दोन आठवडे सुचवले. देश कुठलाही असो, तुम्ही स्वतःसाठी एवढी मुदत ठेवा.

भूल कोण देणार आणि त्याच इमारतीत आयसीयू आहे का, हे विचारायचं बहुतेक जण विसरतात. 2023 मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोस इथे कॉस्मेटिक शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या अमेरिकन रुग्णांना कमरेतून दिलेल्या भुलीतून बुरशीचा मेनिंजायटिस झाला आणि 12 जण दगावले. तिथे बिघाड सुरीचा नव्हताच. नितंबांत चरबी भरण्याच्या ऑपरेशनबद्दल तर मी ठामपणे सांगते, ते परदेशात स्वस्तात करायचं कामच नाही. चरबी चुकून स्नायूत गेली आणि तिथल्या मोठ्या शिरेत शिरली तर थेट फुप्फुसांत पोहोचते. ब्रिटिश प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने 2018 मध्ये आपल्या सदस्यांना ते थांबवायला सांगितलं होतं. 2022 मध्ये परवानगी दिली ती फक्त कातडीखालच्या थरात आणि अल्ट्रासाऊंड लावून.

अभिप्राय वाचताना तारखा बघा. बरेचसे हॉटेलच्या खोलीत बसून लिहिलेले असतात, ड्रेसिंग उघडायच्या आधी. वर्ष उलटलेल्या रुग्णाशी बोलायला मिळालं तर त्याला मोल आहे.

बहिणीची दुरुस्ती शेवटी पुण्यात झाली. तिथल्या सर्जननी तिला आडवं झोपवलं, मान उचलायला लावली, खोकायला लावलं आणि बोटांनी मधली फट चाचपून पाहिली. मग व्रण पूर्ण मऊ होईपर्यंत थांबायला सांगितलं. तारीख दिलीच नाही. तिने लायपोसक्शनचं विचारलं तर ‘नाही’ म्हणाले आणि कारणही सांगितलं. निघताना स्वतःचा नंबर दिला. सर्जन कसा असावा, हे आम्हाला त्या तपासणीत दिसलं.

आता परतीचं. एनएचएसचा सल्ला असा, की स्तनांच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा लायपोसक्शननंतर 5 ते 7 दिवस आणि पोटाच्या किंवा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर 7 ते 10 दिवस विमानप्रवास टाळावा. पॅकेजचे दिवस त्याहून कमी असतील तर ते पॅकेज घेऊ नका. ऑपरेशनचा तपशील, औषधांची नावं आणि इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचं कार्ड, हे सगळं इंग्रजीत हातात पडल्याशिवाय रुग्णालय सोडू नका. काही आठवड्यांनी टाक्यांजवळ गाठी उठल्या किंवा पाझर सुरू झाला तर परदेशात शस्त्रक्रिया झाल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही मायकोबॅक्टेरिया नेहमीच्या कल्चरमध्ये सापडत नाहीत, त्यांची वेगळी तपासणी लागते.

आणि घरी कोणाला तरी सांगून जा. काळी कातडी दिसल्यावरही माझी बहीण दवाखान्यात जायला कचरत होती. लोक म्हणतील, हौसेने दुखणं विकत घेतलं. डॉक्टर रागावतील, ही भीती वेगळीच. तिला कोणीही रागावलं नाही. ताप, वाढत जाणारी लाली, एकाच पोटरीला सूज, दम लागणं, छातीत कळ, यातलं काहीही झालं तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवत बसू नका. ब्रिटनमध्ये 999, तुर्कस्तानात आणि भारतात 112.