परवान्याच्या मुदतीचा प्रश्न

मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील दंडाच्या तरतुदींचा विचार वाहनधारक बहुधा सिग्नल, हेल्मेट आणि वेगमर्यादा यांपुरताच करतात, कारण त्यांचे चलन लगोलग मोबाइलवर येते. चालक परवान्याची, म्हणजे कायद्याच्या परिभाषेतील अनुज्ञप्तीची, मुदत मात्र कोणाला न कळता संपते आणि पुष्कळदा अपघात झाल्यावरच उघडकीस येते.

परवाना सरसकट वीस वर्षे चालतो, या गैरसमजाचे मूळ जुन्या तरतुदीत आहे. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी खासगी वाहनाचा परवाना वीस वर्षे किंवा धारकाच्या वयाची पन्नास वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, वैध असे. लोकांच्या स्मरणात वीस वर्षे तेवढी राहिली आणि वयाची अट मागे पडली. प्रस्तुत लेखकाने परवाना काढला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यामुळे तो पन्नाशीलाच संपला, आणि ही बाब निदर्शनास आणली ती मोटारीच्या नुकसानीची पाहणी करण्यास आलेल्या विमा सर्व्हेअरने. अपघातसमयी चालकाकडे वैध परवाना असावा ही अट विमापत्रातच असल्याने दुरुस्तीचा दावा फेटाळला गेला, आणि त्यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. त्रयस्थाला इजा झाली असती, तर प्रकरण याहून जड गेले असते; कारण अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरपाई देण्यास सांगून ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. कलम 181 खालील पाच हजार रुपयांचा दंड त्यापुढे किरकोळच म्हणावा लागेल.

आज तिशीच्या आत काढलेला परवाना चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नास या वयात काढलेला दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न या वयातील साठीपर्यंत आणि त्यानंतरचा पाच वर्षे चालतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वी एक वर्षापासून करता येतो, आणि चाळिशीनंतर त्यास नमुना 1-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. मुदतीनंतरही एक वर्ष अर्ज स्वीकारला जातो, त्यापुढे चाचणी नव्याने द्यावी लागते. परंतु ही सवलत अर्जापुरती आहे, त्या काळात वाहन चालविण्याची नाही, कारण पूर्वी मिळणारी तीस दिवसांची मुभा दुरुस्तीने काढून टाकली आहे. आरटीओच्या आवारातील एजंट हा फरक क्वचितच सांगतात.

आपली मोटार नातलगाच्या किंवा मित्राच्या हाती देणाऱ्यांनीही त्याच्या परवान्यावरील तारीख आधी पाहून घ्यावी. परवाना नसलेल्यास वाहन चालवू देणाऱ्या मालकाला कलम 180 अन्वये तीन महिन्यांपर्यंतचा कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.