बोल्ट किलोनं घेऊ नका

जुनी गाडी उभी करायला निघालेला माणूस इंजिनाची काळजी करतो, पत्र्याची करतो, रंगाची करतो. या तिन्ही कामांना कारागीर मिळतो, सुरतेत तर मिळतोच. गाडी अडते ती बंपरच्या एका बोल्टावर, काचेच्या हँडलच्या एका क्लिपवर, दाराच्या पट्टीच्या चार स्क्रूंवर. हे बारकं सामान जमवायचं काम दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही, कारण कुठला तुकडा कुठून निघाला हे गाडी उघडणाऱ्यालाच ठाऊक असतं. नवागामात 1970 ची फियाट 1100 डिलाइट उघडून पुन्हा जोडताना जे शिकलो, ते या वाटेनं जाऊ पाहणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

गाडीची ओळख थोडक्यात. प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं 1964 पासून मुंबईत कुर्ल्याला बनवलेली ही फियाट. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढे हिचंच नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि मग पद्मिनी. गोल पाठीची ‘डुक्कर फियाट’ हिच्या आधीची. माझ्याकडे आलेली गाडी बरीच वर्षं अडाजणला होती. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापीला पूर आला आणि अडाजण-रांदेर पाण्याखाली गेलं, तेव्हा ती सोसायटीच्या आवारात उभी होती. सुरतेत कुणी जुनी गाडी घेत असेल तर कागदपत्रांच्या आधी एक प्रश्न विचारावा: 2006 ला गाडी कुठे होती? उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या सीटचा एक बोल्ट काढून बघावा. पुरात बुडालेल्या गाडीच्या आट्यांमध्ये गाळ बसलेला असतो. वाळून तो सिमेंटसारखा घट्ट होतो आणि बोटानं खरवडला की तपकिरी पीठ पडतं. असा बोल्ट दिसला तर गाडी घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण खालच्या अंगाचा जवळजवळ प्रत्येक बोल्ट मोडणार हे धरूनच किंमत ठरवावी.

आमच्या नवागामात खान्देशातून आलेल्यांची वस्ती मोठी. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाडीनं उधन्याला उतरलेली माणसं लूमवर, प्रोसेस हाउसमध्ये, लेथवर कामाला लागली. त्यामुळे आट्याची जाण असलेला माणूस इथं गल्लीत सापडतो. शेजारचे एक काका आयुष्यभर लूमचे फिटर होते. कुठला बोल्ट फिरेल आणि कुठला तुटेल, हे त्यांना पान्याला हात लावताच कळतं. ही या भागाची मोठी श्रीमंती आहे. अडचण एवढीच की इथल्या दुकानात माप चालतं सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती, अडीच सुती, तीन सुती मागा, पोतंभर मिळेल, तेही वजनावर. फियाट मात्र इटलीची. तिचं माप मिलिमीटरचं.

इथंच पहिला धोका आहे. पुढच्या बंपरच्या कंसाचा एक बोल्ट निघता निघेना. तेरा नंबरचा पाना त्याच्या डोक्यावर बसत होता, पण किंचित खेळत होता. शेवटी बोल्ट बाहेर आला तेव्हा बॉडीतल्या नटाचे निम्मे आटे भुसा होऊन त्याच्याबरोबर आले. व्हर्नियर लावला: 7.9 मिमी. आट्याचा गेज लावला: इंचाला 24 आटे. हा अडीच सुती बारीक आट्याचा, यूएनएफ बोल्ट. अँबेसेडर आणि जीपवर काम करणाऱ्या गॅरेजमध्ये असे बोल्ट डब्यात पडलेलेच असत. कुणीतरी केव्हातरी तो 8 मिमीच्या जागी ठोकला होता. 8 मिमीच्या बोल्टाचा आटा सव्वा मिमीचा, याचा जेमतेम एक मिमीचा. एखादा फेरा सरळ जातो, मग अडतो. अडल्यावर जोर लावला की बसतो, पण नट कायमचा जातो. डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे 12.7 मिमी. तेरा नंबरचा पाना त्यावर चढतो, म्हणून लावणाऱ्याला संशयही येत नाही.

पन्नास वर्षांत अशा किती हातांखालून गाडी गेली असेल, याचा हिशेब कुणाकडे नसतो. म्हणून जुन्या गाडीतून निघालेला बोल्ट ‘हाच इथला’ असं धरून चालू नका. डाव्या बाजूचा उजव्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे निघाले आणि आटे शाबूत असले, तर तो मूळचा असण्याची शक्यता जास्त. आट्याचे गेज दोन घ्यावेत, एक मिमीचा आणि एक इंचाचा. फार महाग नसतात, आणि एवढ्या कामाचं दुसरं हत्यार या कामात नाही. 10 मिमीच्या बोल्टाला विशेष जपा. बाजारात सहज मिळतो तो दीड मिमी आट्याचा, फियाटमध्ये बऱ्याच जागी लागतो तो सव्वा मिमीचा. ब्रेकच्या पाइपच्या जोडावर तर अंदाज करूच नका. तीन सुती बारीक आट्याचा जोड 10 मिमी गुणिले 1 च्या भोकात ढिला का होईना फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि ब्रेक दाबल्यावर सुटू शकतो. तिथं हाताला आलेल्या ‘बसतंय’ या भावनेवर विश्वास ठेवायचा नाही, गेजवरच ठेवायचा.

उघडतानाची शिस्त सांगतो. पिशव्यांवर नावं लिहून ठेवणं बहुतेक जण करतात, पण स्क्रूंच्या बाबतीत ते पुरत नाही. एकाच दारावर तीन लांबीचे स्क्रू असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर थेट काचेला टेकतो. पुठ्ठ्यावर दाराची आकृती काढावी आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथं टोचून ठेवावा. वायसरसुद्धा त्याच्यासोबतच. गंजून निकामी झालेला तुकडाही नवा बसेपर्यंत टाकू नये. तो नमुना आहे. त्याची लांबी, टोकाचा आकार, डोक्यावरची खूण, सगळं त्यावर वाचता येतं. बोल्टाचं डोकं उलटं करून वायसरखाली दडलेला भाग पाहा. ऊन-पाणी न लागल्यामुळे मूळचा मुलामा तिथं टिकलेला असतो. पिवळसर जस्त होतं, पांढरं होतं की काळं फॉस्फेट, हे तिथंच कळतं. बाकी सगळीकडे नुसता गंज असतो.

जाम बोल्टाला घाई चालत नाही. डिझेलमध्ये थोडं गिअर ऑइल मिसळून आदल्या रात्री सोडावं, सकाळी डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, आणि सोडण्याआधी किंचित आवळण्याच्या दिशेनं हलवून पाहावं. गंजाची पकड अशी फुटते. तरी नाही, तर गॅसची आच, पण पेट्रोलची टाकी आणि नळी आधी काढूनच. डोकं तुटलंच तर उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करावा. वेल्डिंगच्या उष्णतेनंच बहुतेक वेळा तो सुटतो. आतले आटे साफ करायला कापणारा टॅप सरसकट फिरवू नका. झिजलेल्या आट्याचं उरलंसुरलं लोखंडही तो कापतो. त्याच मापाच्या चांगल्या बोल्टाला कानशीनं उभ्या दोन खाचा पाडून तो फिरवला तर गाळ निघतो आणि आटे वाचतात.

निघालेलं सामान स्वच्छ करायला किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, उत्तम. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम, रात्रभर. मधूनमधून पाहत राहावं, कारण गंज संपला की ते चांगलं लोखंडही खातं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, गरम पाण्यानं धुवून, लगेच वाळवून तेल लावायचं. सुरतेच्या पावसाळी हवेत ‘उद्या तेल लावू’ म्हटलं की सकाळी बोल्ट पुन्हा लाल झालेला असतो.

आता मुलाम्याचं काम. याबद्दल जरा विस्तारानं बोललं पाहिजे, कारण नुकसान इथं होतं आणि ते ताबडतोब दिसत नाही.

जस्ताचं पाणी चढवून देणारे कारखाने सुरतेच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. बोल्टांची एक पिशवी आणि बॉनेटच्या कुलपाच्या व दाराच्या स्प्रिंगांची वेगळी पिशवी, वर चिठ्ठी, असं सामान एका ठिकाणी दिलं होतं. तिथल्या माणसानं दोन्ही पिशव्या एकाच बॅरलमध्ये ओतल्या. सामान परत आलं ते सोन्यासारखं चमकत. काही दिवसांनी टेबलावर ठेवलेली दाराची स्प्रिंग, कुणी हात न लावता, ताणून ठेवलेल्या जागी टच् करून तुटली. तुटलेल्या जागी ना वाकलेलं, ना ओढलेलं. काच फुटावी तसा सरळ तुकडा.

हे नशिबाचं काम नाही, यामागे कारण आहे. मुलाम्याआधी सामान आम्लात बुडवतात, नंतर विजेच्या टाकीत. दोन्ही ठिकाणी हायड्रोजन तयार होतो आणि तो पोलादात शिरतो. मऊ लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. 8.8 प्रतीच्या बोल्टालाही सहसा धोका नसतो. पण स्प्रिंग, सर्क्लिप, स्प्रिंग वायसर आणि 10.9 च्या वरचे बोल्ट यांचं पोलाद कडक असतं. हायड्रोजननं ते ठिसूळ होतं आणि ताण बसल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी अचानक तुटतं. त्यावर उपाय म्हणजे पाणी चढवल्यावर चार तासांच्या आत सामान भट्टीत घालून साधारण 200 अंश सेल्सिअसवर कित्येक तास भाजणं. गाडीच्या सुट्या भागांचं काम करणारे कारखाने हे करतात. दाराच्या कड्या-बिजागऱ्यांना पाणी चढवणाऱ्या छोट्या शेडमध्ये ती भट्टी बहुतेक नसतेच. म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे: स्प्रिंग आणि क्लिपा मुलाम्याला पाठवूच नका. लिंबूफुलातही घालू नका, आम्ल ते आम्लच. तारेच्या ब्रशनं घासा, काळ्या रंगाचा पातळ हात द्या, तेल लावा. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे कडक बोल्ट नवे, प्रतीची खूण असलेले घ्या.

बारीक स्क्रू पाठवताना तांब्याच्या तारेत ओवून माळ करून द्या. सुटे दिले तर बॅरलच्या जाळीतून गळतात, किंवा दुसऱ्याच्या मालात मिसळतात. देण्याआधी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि ताब्यात घेताना तिथंच मोजा.

क्रोमचं गणित निराळं. हँडलं आणि काचेच्या मुठी जस्ताच्या ओतीव धातूच्या असतात. दुकानात याला मझॅक म्हणतात. चुंबक चिकटत नाही आणि खरवडल्यावर पितळेचा पिवळा रंग दिसत नाही, करडा दिसतो. त्यावरचे फोड म्हणजे आतून खाल्लेले खड्डे. ते कोरून, भरून, आधी तांब्याचा थर, मग निकेल, मग क्रोम असा क्रम हवा. वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनच्याही आत असतो. खरी राखण निकेल करतं. म्हणून ‘क्रोम किती दिवसांत देता’ यापेक्षा ‘खाली तांबं आणि निकेल किती चढवता’ हे विचारा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे हँडल ठेवू नका. बफिंगवाल्याला खुणा आणि अक्षरं दाखवून ठेवा. जोरात बफ मारला की कडा गोल होतात आणि त्या परत आणता येत नाहीत.

नवं सामान लागलंच तर सकाळची फ्लाइंग राणी पकडून मुंबई सेंट्रल गाठावं. मिमीचे, बारीक आट्याचे, प्रतीचे बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. गाडीचे सुटे भाग ऑपेरा हाउसला आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फेरी मारली तर मूठ, पट्टी, कप वायसर असं काही हाती लागतं. नमुना खिशात असल्याशिवाय जाऊ नये. ‘काका, फियाटचा बोल्ट द्या’ म्हटलं की दुकानदार त्याच्या डब्यात जे असेल ते देतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर भंगारात सुटे भाग येत राहिले. 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली. तो ओघ आता आटत जाणार. ज्याला मागची लाइट किंवा मूळची मूठ हवी आहे त्यानं थांबू नये.

स्टेनलेसचा मोह अनेकांना होतो. बाहेरच्या पट्टीला, नंबर प्लेटला चालेल. पण नेहमीचा स्टेनलेस बोल्ट 8.8 ची जागा घेऊ शकत नाही, आणि स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर कोरडा आवळला तर दोघं एकमेकांना कायमचे धरतात. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरील गाडीची ‘व्हीए’ खुणेची विंटेज नोंदणी करायची, तर गाडी मूळ रूपात असावी लागते. चकाकत्या ॲलन बोल्टांनी भरलेलं बॉनेट त्या मूळपणाला शोभत नाही.

जोडताना स्प्लिट पिन आणि नायलॉन नट दरवेळी नवे वापरा. एक्झॉस्टच्या स्टडला पितळी नट लावा, ते गंजून धरत नाहीत. गाडी शे-दोनशे किलोमीटर चालली की बंपर, सीट, मडगार्ड आणि सायलेन्सरच्या कंसांचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याखालून काढा. एक्झॉस्टचे नट मात्र गाडी रात्रभर उभी राहून थंड झाल्यावर, सकाळी, सुरू करण्याआधी आवळा.