श्रीमंतांच्या मासिकावर श्रीमंत का दिसत नाहीत?

प्रश्न : माझ्या मुलीनं अमेरिकेहून येताना ‘फॉर्च्युन’ मासिकाच्या १९३० नंतरच्या काही मुखपृष्ठांच्या छापील प्रती आणल्या. हे धनिकांचं मासिक होतं म्हणे. पण चित्रांत बघावं तर कारखाने, जहाजं, यंत्रं. पैसेवाला माणूस शोधून सापडत नाही. उलट आमच्याकडे जपून ठेवलेल्या जुन्या दिवाळी अंकांवर पैठणी नेसलेली, दागिन्यांनी मढलेली बाई असते आणि ते अंक वाचणारे माझे वडील कचेरीत साधे कारकून होते. हे असं उलटं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : उलटं वाटतं खरं, पण त्यात संगती आहे. मुखपृष्ठावर बहुधा तेच येतं ज्याची वाचकाला आस असते. ज्याच्या घरी दागिने आहेत त्याला ते चित्रात बघण्याची ओढ नसते. त्याला हवा असतो तो आपल्या पैशाला मान, आणि तो मान ‘फॉर्च्युन’नं दिला.

हे मासिक निघालं फेब्रुवारी १९३० मध्ये. वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार कोसळून तेव्हा जेमतेम तीन-चार महिने झाले होते. हेन्री ल्यूस यांचं ‘टाइम’ साप्ताहिक तेव्हा १५ सेंटला मिळे, रविवारचा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ५ सेंटला. त्याच ल्यूस यांनी ‘फॉर्च्युन’ची किंमत ठेवली एक डॉलर! अंकाचा आकार सुमारे १४ इंच बाय ११ इंच, कागद जाड आणि सायीच्या रंगाचा. एवढा अंक प्रवासात मांडीवर घेऊन वाचायचा नव्हता, तो दिवाणखान्यातल्या टेबलावर दिसावा असाच काढला होता. म्हणजे श्रीमंती होतीच, फक्त ती चित्रात नव्हती. ती कागदात, आकारात आणि किमतीत होती.

पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ टी. एम. क्लेलंड यांचं. त्यावर भाग्यदेवता आहे आणि तिचं भलंमोठं चाक. हे चाक माणसाला वर नेतं तसं खालीही आणतं. त्या हिवाळ्यात अमेरिकेला ते वेगळं सांगायला नको होतं. आणि एवढ्या देखण्या अंकातला पहिला मोठा लेख कशावर, तर शिकागोच्या स्विफ्ट कंपनीच्या डुकरांच्या कत्तलखान्यावर. छायाचित्रं मार्गारेट बर्क-व्हाइट यांची. टांगलेल्या डुकरांच्या रांगा त्यांनी एखाद्या इमारतीच्या खांबांसारख्या टिपल्या आहेत. उद्योग हाच या काळातला पराक्रम आणि तो सुंदरही आहे, हे ल्यूस यांना ठसवायचं होतं. रस्त्यावर फुकट पावासाठी रांगा लागलेल्या असताना मुखपृष्ठावर फरचा कोट घातलेली बाई छापणं लाजिरवाणं ठरलं असतं. यंत्राला अशी लाज नसते. ते स्वच्छ आणि बलवान दिसतं, आणि कुणाच्याही मालकीचं वाटत नाही.

मुलीनं आणलेली चित्रं पुन्हा नीट बघा. मालक दिसत नाही हे तुम्ही हेरलंत. मजूर तरी कुठे ठळक दिसतो? दिसला तर बहुतेकदा यंत्राच्या पायाशी, चेहरा नसलेला. मला या मुखपृष्ठांचं मोठं कौतुक आहे. छपाई आणि रेखाटन या दोन्ही बाबतींत त्या काळात त्यांच्या तोडीचं फार थोडं आहे. मार्च १९३२ च्या अंकाचं मुखपृष्ठ तर मेक्सिकोचा साम्यवादी चित्रकार दिएगो रिव्हेरा यानं केलं होतं, इतकी या मासिकाची कलेबाबतची दृष्टी मोकळी होती. पण ही मोकळीक कुठे संपत होती तेही कळलं पाहिजे. १९३६ मध्ये याच मासिकानं लेखक जेम्स एजी आणि छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांना अलाबामात पाठवलं. कापसाची शेती वाट्यानं कसणाऱ्या तीन गरीब कुटुंबांत ते राहिले. त्यावर लिहिलेला लेख ‘फॉर्च्युन’नं छापला नाही. पुढे १९४१ मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि आज ते अमेरिकी वाङ्मयात फार वरचं मानलं जातं.

आता आपल्या दिवाळी अंकांकडे वळू. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो पहिला मानतात. तुमच्या घरातल्या मुखपृष्ठांवरची बाई मात्र बरीच नंतरची, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या जमान्यातली असणार. दोघंही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ सुरू केलं.

या अंकांचा वाचक म्हणजे शिक्षक, कारकून, चाळीत राहणारी कुटुंबं. अनेकांनी अंक विकतही घेतला नाही. वाचनालयात वर्गणी भरून आळीपाळीनं वाचला. त्यांच्या घरात पैठणी असलीच तर एक, तीही आईच्या लग्नातली, ट्रंकेच्या तळाशी. आपल्या मध्यमवर्गात पैशाचं प्रदर्शन वाईट मानत. बंगला आणि मोटार मुखपृष्ठावर छापली असती तर ती डोळ्यांत खुपली असती. दिवाळीत मात्र नथ, ठुशी, भरजरी पदर यांना मुभा होती, कारण तो सणाचा साज. हातात निरांजनाचं ताट दिलं की सोनं ऐपतीचं राहत नाही, घरच्या लक्ष्मीचं होतं. श्रीमंती मराठी घरात संस्काराच्या वाटेनं आली, आणि म्हणून ती कुणाला खटकली नाही.

मला खटकतात त्या दोन गोष्टी. एक, ही बाई बहुतेक वेळा गोरी आणि उच्चवर्णीय घरातली. दुसरी, कष्टकरी बाई आली तरी ती कोळीण किंवा गवळण म्हणून आली. ठसठशीत दागिने, भरलेलं अंग, डोईवर टोपली. त्या टोपलीचं ओझं तिच्या मानेत दिसत नाही. बंदरावर पहाटेपासून उभं राहिलेल्या बाईचे पाय कसे असतात हे या चित्रकारांना माहीत नव्हतं असं मी मानत नाही. पण दिवाळीच्या अंकावर ते कुणी मागितले नाहीत. ज्या दलित लेखकांना अशा अंकांत जागाच नव्हती त्यांना स्वतःची नियतकालिकं काढावी लागली. साठीच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी चालवलेलं ‘अस्मितादर्श’ त्यांतलं सगळ्यांत मोठं.

याहून वेगळी वाट होती ती किर्लोस्करवाडीची. तिथे १९२० मध्ये कारखान्याचं वार्तापत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, १९३० मध्ये ‘स्त्री’. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. ‘स्त्री’ची ओढ शिकलेल्या, घराबाहेर पडणाऱ्या बाईकडे होती. तिथे वरचा वर्ग म्हणजे शिक्षण, आणि ते सोन्यापेक्षा जास्त घरांच्या आवाक्यात होतं. माझ्या मते आपल्याकडच्या मासिकांनी वाचकाला दिलेलं हे सगळ्यांत मोलाचं स्वप्न.

जाता जाता एक सुचवतो. तुमचे अंक उलटून मलपृष्ठावरच्या जाहिराती बघा. तेल, साबण, दंतमंजन, चहा. वडिलांना काय परवडत होतं ते मागे आहे, काय हवंसं वाटत होतं ते पुढे. वाचनालयं जुने अंक बांधणीला देताना अनेकदा ही दोन्ही पानं फाडून टाकतात. तुम्ही अंक कुणाला देणार असाल तर ती राहतील अशी अट घालूनच द्या.