पोच घ्यायला शिकव

अगं, नववी-दहावीचं राज्यशास्त्र तुझ्याकडे आलंय हे कळलं. स्टाफरूममधल्या कुणीतरी तुला सल्लाही दिला म्हणे, थोड्या मार्कांचा भाग आहे, प्रश्नोत्तरं लिहून दे आणि मोकळी हो. तसं करू नकोस, हे सांगायलाच बसले आहे.

पुस्तक वाईट नाही. संविधानाची वाटचाल आहे, निवडणूक प्रक्रिया आहे, चळवळी आहेत. पण तुझ्या इंदापूरची काय आणि माझ्या बारामतीची काय, मुलं घरात वेगळंच राज्यशास्त्र बघत मोठी होतात. काम अडलं की वडील कुणाला तरी फोन लावतात. त्याची वर ओळख असते, चिठ्ठी मिळते, काम होतं. या भागात रस्ते झाले, कॉलेजं झाली, कारखाने झाले. आपण दोघी त्यातूनच शिकलो, ते मी नाकारत नाही. पण त्यामुळे मुलांच्या मनात पक्कं बसतं की जे मिळतं ते कुणीतरी दिलं म्हणून मिळतं. ज्याच्या बापाकडे लावायला नंबरच नाही, त्या पोराने काय करायचं? तुझ्या वर्गात तीच पोरं जास्त असणार. त्यांच्यासाठी शिकव.

सुरुवात एसटीच्या पासपासून कर. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जाण्या-येण्याचा एसटी प्रवास मोफत आहे. मुली रोज तो पास दाखवतात, पण तो कशाच्या जोरावर मिळाला हे विचारलंस तर वर्ग गप्प बसेल. मग पुढचा प्रश्न टाक. सकाळची गाडी थांब्यावर न थांबताच गेली तर? आधी सगळे कंडक्टरला नावं ठेवतील. ठेवू दे. मग कागद काढायला सांग. प्रति, आगार व्यवस्थापक. तारीख, गाडीची वेळ, थांब्याचं नाव, किती मुलं मागे राहिली, आपली मागणी काय. रागाचं एकही विशेषण नको. दोन प्रती करायच्या. एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, घेणाऱ्याची सही घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, हे मात्र त्यांच्याकडून घोटून घे. तोंडी सांगितलेलं साहेब बदलले की विरून जातं.

भिगवण-पळसदेवकडची मुलं तुझ्याकडे येत असतील तर तुझं काम सोपं आहे. उजनी धरणाचं पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, ते त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना सांग, आजोबांकडे धरणाचे कागद आहेत का ते विचारून या. उजनीत जमीन गेलेल्या घरांत कापडात बांधलेलं एखादं बासन सापडतंच. त्यात नोटिसा असतात, जुन्या अर्जांच्या प्रती असतात, धरणग्रस्ताचा दाखला असतो. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला आणि त्याच दाखल्यावर आजही सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण मिळतं. शाळेत न गेलेल्या आजीनेसुद्धा तो कागद जपून का ठेवला, हे मुलांना तिच्याच तोंडून ऐकू दे. तू मध्ये बोलू नकोस.

माहिती अधिकार लगेच हातात देऊ नकोस. आधी साधा अर्ज, मग स्मरणपत्र, मग माहिती अधिकार. केंद्राचा कायदा २००५ चा, पण महाराष्ट्रात तो त्याआधीच आला होता, हे अभिमानाने सांग. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. मला विचारशील तर यापेक्षा चांगला निबंध मराठीच्या तासालाही मिळणार नाही. मुलं हमखास लिहितात, 'आमची गाडी का बंद केली?' तिथे थांबव. 'का'चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं, कागद मागायचा. अमुक मार्गाच्या वेळापत्रकाची प्रत, फेरी बंद करण्याच्या आदेशाची प्रत. एवढं बदललं की अर्जाला धार येते. २०१२ मध्ये लखनौच्या ऐश्वर्या पाराशर या शाळकरी मुलीने गांधीजींना 'राष्ट्रपिता' ठरवणाऱ्या आदेशाची प्रत मागितली, तेव्हा तिचा अर्ज पंतप्रधान कार्यालयापासून राष्ट्रीय अभिलेखागारापर्यंत फिरला होता. तुझ्या मुलांना ती गोष्ट फार आवडेल.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं की ग्रामसभा असते. मुलांना मत नाही, पण बसून ऐकायला काय हरकत आहे? ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलं, एवढं टिपून आणायला सांग. मुलींना महिला ग्रामसभेलाही आईबरोबर जाऊ दे. आणि अकरावी-बारावीला शिकवणाऱ्या मैत्रिणीला सांगून ठेव, १७ पूर्ण झालं की मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो.

आता जे चारचौघांत बोलता येत नाही ते. गावात दोन गट असतात, संस्थेतही असतात. तू एखादा विषय घेतलास की तू कुणाची, हे लोक आधी ठरवतील. म्हणून विषय मुलांचाच घे: पास, पाणी, मैदान, स्वच्छतागृह. एकट्या मुलाच्या नावाने अर्ज कधीच जाऊ देऊ नकोस. पोराने तक्रार केली तर कारखान्याकडून आपल्या उसाची तोड लांबेल, ही भीती बापाच्या मनात असते. तिला हसू नकोस, वर्षाचा पैसा असतो तो. अर्ज सगळ्या वर्गाचा, पालकांना आधी सांगून, आणि खाली तुझीही सही.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. दिवाळीनंतर एखादी मुलगी यायची बंद झाली आणि घरी लग्नाची बोलणी चाललीत असं कानावर आलं, तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन. गावात भाऊसाहेब, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक आणि आताचे ग्रामपंचायत अधिकारीच, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, हे मुलींना आधीच माहीत हवं. फोन करणाऱ्या मैत्रिणीचं नाव तुझ्या तोंडून कुणालाही कळता कामा नये, मला सुद्धा.

आणि हे सगळं नीट शिकवलंस तर मुलांचा पहिला अर्ज बहुतेक शाळेलाच येईल. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, नळाला पाणी नाही, असं काहीतरी. तुला धडकी भरेल, सहकारी म्हणतील, हेच शिकवलंस का. तो अर्ज ऑफिसात घेऊन त्यांच्याबरोबर तू स्वतः जा, आवक रजिस्टरला नोंद करून घे आणि शिक्का मारलेली प्रत मॉनिटरच्या हातात दे. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी जाऊन सांग, त्यांना वर्गासमोर अडचणीत आणू नकोस. कडी बसायला किती दिवस लागतात ते मला कळव.