सुखाची झोंप कशी येईल ?



परीक्षा जवळ आली म्हणजे पुष्कळ मुलें मध्यरात्रीपर्यंत जागतात, चहावर चहा घेतात, आणि शेवटीं अंथरुणावर अंग टाकतात तेव्हां झोंप मुळीं येत नाहीं. मग या कुशीवरून त्या कुशीवर होणें सुरू होतें व 'आतां झोंपलेंच पाहिजे' असें मनास बजावणें चालतें. परंतु झोंप ही कोणाच्या हुकुमाची ताबेदार नाहीं. तिला ओढून आणतां येत नाहीं. तिची वाट मात्र मोकळी करून ठेवतां येते.

झोंप म्हणजे अभ्यासांतून चोरलेला वेळ, ही समजूत प्रथम सोडावयास पाहिजे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेंकिन्स व डॅलेनबाख यांनीं १९२४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन विद्यार्थ्यांकडून अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करून घेतल्या. पाठांतरानंतर ते झोंपले म्हणजे त्यांस जितकें आठवे, तितकें तेवढेच तास जागे राहिल्यावर आठवत नसे. म्हणजे दिवसा मिळविलेलें ज्ञान रात्रीं झोंपेंत सुरक्षित राहतें.

आतां झोंप येते कशी तें पाहूं. आपण जागे असतां मेंदूंत ॲडेनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें व त्यामुळें डोळ्यांवर झापड येते. झोंपेंत हा सांठा ओसरतो. शिवाय मेंदूच्या तळाशीं पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तो शरीराचें घड्याळ होय. अंधार पडला म्हणजे त्याच्या इशाऱ्यानें मेलाटोनिन हें द्रव्य रक्तांत उतरतें व शरीरास रात्र झाल्याची वर्दी मिळते. सांठा पुरेसा व्हावा आणि घड्याळ बरोबर चालावें, कीं झोंप आपोआप लागते. पुढील नियमांचें मर्म यांतच आहे.

पहिला नियम उठण्याचा. रविवार असो वा सुटी असो, रोज ठराविक वेळीं उठावें व सकाळच्या उजेडांत थोडें फिरावें. त्या उजेडानेंच शरीराचें घड्याळ दररोज लावलें जातें. दुपारची झोंप लांबवूं नये. तिनें रात्रीचा सांठा आधींच खर्च होतो.

दुसरा नियम चहा-कॉफीचा. त्यांतील कॅफीन थकवा घालवीत नाहीं. तें ॲडेनोसिनची जागा अडवून थकवा केवळ झांकून ठेवतें. साधारणतः पांच तासांनंतरहि त्याचा निम्मा अंश शरीरांत उरतो. म्हणून दुपारनंतर हीं पेयें टाळावीं.

तिसरा नियम उजेडाचा. झोंपण्यापूर्वीं तासभर दिवे मंद करावे व मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावा. त्याचा प्रकाश घड्याळास फसवितो, आणि त्यांतील मजकूर मनास स्वस्थ बसूं देत नाहीं.

चौथा नियम स्नानाचा. निजण्याच्या तासभर आधीं ऊन पाण्यानें अंग किंवा निदान पाय धुवावे. त्वचेंतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीराच्या आंतील उष्णता बाहेर पडते, व शरीर निवूं लागलें कीं झोंप जवळ येते.

पांचवा नियम चिंतेचा. टेक्सासमधील बेलर विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं असें दाखविलें कीं, निजण्यापूर्वीं पांच मिनिटें पुढील कामांची यादी लिहिणारे तरुण, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षां सरासरीनें सुमारें नऊ मिनिटें लवकर झोंपले. उद्यांचें ओझें कागदावर उतरवावें म्हणजे तें उशाशीं राहत नाहीं.

सहावा नियम अंथरुणाचा. अंथरुणावर बसून अभ्यास करूं नये. अदमासें वीस मिनिटांत झोंप न आल्यास उठावें, मंद उजेडांत शांतपणें बसावें व डोळे जड झाल्यावरच परत निजावें. अंथरूण आणि झोंप यांची सांगड मनांत पक्की करणारी ही पद्धति रिचर्ड बूटझिन यांनीं १९७२ सालीं मांडली. घड्याळाकडे मात्र वारंवार पाहूं नये.

पालकांस एक विनंती आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोंप लागते, आणि या वयांत शरीराचें घड्याळ निसर्गतःच थोडें मागें पडतें. यास्तव वेळेवर पुस्तक मिटणाऱ्या मुलास आळशी म्हणूं नये, व उशिरां जागणाऱ्याचें कौतुक करूं नये. घरांतील दिवे वडील माणसांनीं लवकर मालवले, तर मुलांस निराळा उपदेश करावा लागत नाहीं. इतकें करूनहि कित्येक आठवडे झोंप येत नसेल, तर आपल्या मनानें गोळ्या न देतां वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मित्रहो, शेतकरी बीं पेरतो आणि मग तें मातीच्या स्वाधीन करतो. रोज उकरून पाहत नाहीं. दिवसभर मन लावून अभ्यास करावा, आणि रात्रीं तो निश्चिंत मनानें झोंपेच्या स्वाधीन करावा.